‘व्यावसायिक’च्या विरुद्ध काय? मोफत, मुक्त की हौशी?

चर्चाविषय

आमच्या कंपनीच्या खरेदी-धोरणाचा मराठी मसुदा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यात सॉफ्टवेअरचा एक तक्ता आहे. मूळ इंग्रजीत दोन रकाने, ‘कमर्शियल’ आणि ‘फ्री’. मी ‘व्यावसायिक’ आणि ‘मोफत’ असं लिहून मोकळी झाले.

तक्ता फिरून परत आला तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने दोन ओळींवर पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली होती. पहिली ओळ पोस्टग्रेसची, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरची. परवान्याला दमडी पडत नाही, पण देखभालीच्या करारापोटी आम्ही एका कंपनीला दर वर्षी पैसे मोजतो. मग ते ‘मोफत’ कसं? दुसरी ओळ अ‍ॅक्रोबॅट रीडरची, म्हणजे पीडीएफ फायली वाचायच्या सॉफ्टवेअरची. तेही फुकटच मिळतं, पण आतलं काही बघायला मिळत नाही, बदलायची तर बातच सोडा, आणि देणारी कंपनी नफ्यासाठीच चालते. मग ते ‘व्यावसायिक’ की ‘मोफत’? समासात त्याने लिहिलंय, ‘मॅडम, हे रकाने एकमेकांच्या विरुद्ध नाहीत.’

पटलं. पण मग लिहू काय? मोफत, फुकट, विनामूल्य, निःशुल्क, मुक्त, खुलं यांत नेमका फरक कसा करायचा, आणि ‘व्यावसायिक’ला पर्याय कोणता?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या यादीतले पहिले चार शब्द एका बाजूला काढा, कारण ते चारही फक्त पैशांबद्दल बोलतात. फरक आहे तो सुरात. ‘निःशुल्क’ आणि ‘विनामूल्य’ हे फलकावरचे शब्द, ‘मोफत’ जाहिरातीतला, ‘फुकट’ घरातला, आणि ‘चकटफू’ मित्रांतला.

त्यातही ‘फुकट’ जपून वापरा. मराठीत जे फुकट मिळतं आणि जे फुकट जातं, दोन्हींना शब्द एकच. मेहनत फुकट गेली म्हणजे वाया गेली. फुकटचा सल्ला म्हणजे न मागता दिलेला, बहुधा निरुपयोगी. एखादं सॉफ्टवेअर ‘फुकटचं आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात त्याची किंमत आणि लायकी दोन्ही एकदम शून्यावर येतात. आणि वापरताना मात्र आपण ‘फुकट ते पौष्टिक’वाले.

या वृत्तीचा फटकाही बसून झालाय. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर. जगभरच्या बँका, दुकानं, मोठमोठ्या कंपन्या त्यावर विसंबून होत्या. २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचं भोक सापडलं, तेव्हा लोकांना कळलं की ते सांभाळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांना मिळणाऱ्या देणग्या वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलरच्या घरात. नफा सगळ्यांनी कमावला, देखभालीचं कोणी बघितलं नाही. ‘फुकट’ आहे ना, मग त्याला कसला खर्च!

‘मुक्त’ची जातच वेगळी. ‘मोफत’ फारसी ‘मुफ्त’वरून आला, ‘मुक्त’ संस्कृत ‘मुच्’ धातूवरून. दोघे दिसतात भाऊ, पण नातं काही नाही. मुक्त म्हणजे सुटलेला, बांधून न ठेवलेला. किती रुपयांना, हा प्रश्न त्या शब्दात येतच नाही. इंग्रजीत एकाच ‘फ्री’ने दोन्ही कामं करायची असल्याने तिकडे जन्मभर खुलासे करत बसावं लागतं. फ्रेंच लोक ‘लिब्र’ आणि ‘ग्रातुई’ म्हणून सुटतात. आपल्यालाही ती सोय आहे. असलेलं भांडवल वापरा.

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य. पण माझ्या मते घोळ ‘फ्री’च्या भाषांतरात कमी आणि ‘व्यावसायिक’मध्ये जास्त आहे. तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

‘व्यवसाय’ मूळचा पैशांचा शब्दच नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ येते, तिथे व्यवसाय म्हणजे निश्चय. निश्चयाने करायचं काम, मग पोटापाण्याचं काम, मग धंदा, असा अर्थ घसरत आला. या प्रवासामुळे आजच्या ‘व्यावसायिक’ला दोन डोकी आहेत. एक म्हणजे नफ्यासाठी केलेलं. दुसरं म्हणजे पेशा म्हणून, तयारीने, जबाबदारीने केलेलं. ‘व्यावसायिक छायाचित्रकार’ म्हटल्यावर तो पैसे घेतो एवढंच कळत नाही, त्याला कॅमेरा कळतो असंही आपण धरून चालतो.

आता मराठी कानाला विचारा, ‘व्यावसायिक’च्या विरुद्ध कोण? ‘मोफत’ असं कोणीच म्हणणार नाही. उत्तर येईल ‘हौशी’. रंगभूमीने ही जोडी आपल्या डोक्यात पक्की बसवली आहे. व्यावसायिक नाटक, हौशी नाटक. त्यामुळे बैठकीत ‘व्यावसायिक सॉफ्टवेअर घ्यायचं की मोफत’ असं विचारलं, की समोरच्यांना ऐकू येतं ‘जाणकारांनी केलेलं घ्यायचं की हौशी पोरांनी केलेलं’. खरेदीचा निर्णय रकान्याच्या मथळ्यानेच अर्धा घेऊन टाकलेला असतो. त्यानंतर तक्त्यात आकडे भरणं हा नुसता उपचार.

आणि वस्तुस्थिती बघा. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात आज होणारं बहुतांश काम पगारी अभियंते करतात, इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांच्या पगारावर. म्हणजे दुसऱ्या अर्थाने ते शंभर नंबरी व्यावसायिक. रेड हॅटने तर मुक्त सॉफ्टवेअरवरच अख्खी कंपनी उभी केली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली. एवढी रक्कम हौशी मंडळाला कोणी देत नाही.

तेव्हा जोड्या अशा लावा. ‘मुक्त’च्या विरुद्ध ‘बंदिस्त’. कागदोपत्री हवं असेल तर ‘मालकीहक्काचं’. ‘निःशुल्क’च्या विरुद्ध ‘सशुल्क’. आणि ‘व्यावसायिक’ला या तक्त्यातून रजा द्या.

प्रतिसाद ३

मी तीस वर्षं खरेदी विभागात काढली, शब्दांतलं मला फारसं कळत नाही. तरी विचारतो, हा कीस काढून निर्णय बदलतो का हो? धंद्यात प्रश्न तीनच. रात्री दोन वाजता बंद पडलं तर फोन कोणाला करायचा, पाच वर्षांत एकूण किती जाणार, आणि उद्या सोडायचं ठरलं तर आपला डेटा सुटा करून मिळेल का.

शब्दाचा मुद्दा काढलाच आहे तर माझीही एक तक्रार. आपण ‘सॉफ्टवेअर विकत घेतलं’ म्हणतो, ते क्रियापद चुकीचं आहे. एकदा परवान्यांची तपासणी करायला एका विक्रेत्याची माणसं आमच्याकडे आली. आम्ही निवांत, कारण सगळ्याच्या पावत्या फायलीत होत्या. त्यांनी पावत्यांकडे बघितलंसुद्धा नाही. परवान्याचं परिशिष्ट काढलं. त्यात लिहिलं होतं की मोजणी प्रोसेसरच्या गाभ्यांवर होईल, आणि आम्ही मधल्या काळात सर्व्हर बदलून दुप्पट गाभ्यांचा घेतला होता. सॉफ्टवेअर तेच, वापरणारी माणसं तीच, बिल दुप्पट. साहेबांनी विचारलं, ‘अहो, विकत घेतलंय ना आपण?’ त्यावर त्यातला एक जण अतिशय नम्रपणे म्हणाला, ‘नाही सर, वापरायची परवानगी घेतली आहे.’ त्या दिवसापासून मी ‘विकत’ लिहीत नाही. ‘परवाना घेतला’ लिहितो.

प्रतिसाद २ कडून

काका, तुम्ही शब्दांतलं कळत नाही म्हणता आणि सगळ्यात नेमका शब्द तुम्हीच देऊन गेलात! परवाना म्हणजे परवानगीचा कागद. मग निवडताना बघायचं ते एवढंच की त्या कागदावर कोणकोणत्या परवानग्या आहेत. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त संगणकप्रणाली घडवण्याचा प्रकल्प जाहीर केला. त्यातून जी मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या पुढे आली तिच्यात चार परवानग्या आहेत: कशाहीसाठी चालवा, आत बघा आणि बदला, प्रती वाटा, बदललेल्या प्रतीही वाटा. क्रमांक संगणकवाल्यांच्या रीतीने शून्यापासून, म्हणून चौथीचा क्रमांक तीन. किमतीबद्दल चकार शब्द नाही. स्टॉलमन स्वतः त्यांच्या ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या टेप १५० डॉलरला विकत होते.

तुमचा ‘उद्या सोडायचं ठरलं तर’ हा प्रश्न याच परवानग्यांत दडलाय. २०२४ च्या मार्चमध्ये रेडिस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या कंपनीने पुढच्या आवृत्त्यांचा परवाना आवळला. बंदिस्त सॉफ्टवेअर असतं तर ग्राहकांनी निमूट मान तुकवली असती. इथे जुन्या आवृत्तीची प्रत आधीच्या परवान्यासकट लोकांकडे होती. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ नावाने वेगळी चूल मांडली गेली, आणि पुढच्या वर्षी रेडिसने पुन्हा एक मुक्त परवाना देऊ केला. नुसतं ‘मोफत’ सॉफ्टवेअर मालकाच्या मर्जीवर मोफत असतं. मर्जी फिरली की बिल येतं.

प्रतिसाद ४

दोन बारक्या गोष्टी.

एक. ‘ओपन सोर्स’साठी कृपा करून ‘मुक्तस्त्रोत’ लिहू नका. ‘स्रोत’. ‘स्रु’ म्हणजे वाहणे, त्यापासून स्रोत, स्राव. त्यात ‘त’ घुसवायचं कारण नाही. स्त्रीचा आणि स्रोताचा संबंध नाही. शुद्धलेखनाचा हट्ट म्हणून सांगत नाही. उद्या तक्त्यात शोध घ्याल तेव्हा अर्धी नोंद एका रूपाने आणि अर्धी दुसऱ्या रूपाने सापडेल.

दोन. हा शब्द मला मुळातच अर्धवट वाटतो. स्रोत म्हणजे झरा, प्रवाह. इथे अभिप्रेत आहे प्रोग्राम ज्या मजकुरात लिहिला तो मूळ मजकूर, त्याला ‘मूळ संहिता’ म्हणणं सरळ. पण ‘मुक्तस्रोत’ रुळलाय, आता त्याच्याशी भांडण्यात हशील नाही. इंग्रजीत ‘ओपन सोर्स’ हा शब्द १९९८ मध्ये मुद्दाम घडवला गेला, कारण ‘फ्री’ ऐकून कंपन्यांचे लोक ‘फुकट’ समजत आणि बिचकत. गंमत अशी की आपल्याकडे मुक्त विद्यापीठातला ‘मुक्त’ म्हणजे खुला, आणि मुक्तछंदातला ‘मुक्त’ म्हणजे बंधनातून सुटलेला. तिकडचे ‘फ्री’वाले आणि ‘ओपन’वाले हे दोन तट आपल्या एका शब्दात गुण्यागोविंदाने नांदतात.

प्रतिसाद ५

‘व्यावसायिक’ला पूर्ण रजा देता येणार नाही हो. मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर दोन परवान्यांखाली मिळतं. एक मुक्त, दुसऱ्याला ते लोक स्वतःच कमर्शियल म्हणतात. आपलं बंदिस्त उत्पादन त्यावर बांधून विकायचं असेल तर दुसरा घ्या, असा हिशेब. तिथे काय लिहाल? शिवाय परवान्यांत ‘व्यावसायिक वापरास मनाई’ असंही असतं.

प्रतिसाद २ कडून

वापराबद्दल बोलताना ‘व्यावसायिक’ चालेल, कायद्याचा कागद असेल तर ‘वाणिज्यिक’. विशेषण वापराला लावा, सॉफ्टवेअरला नको. ‘धंदेवाईक’ मात्र कुठेच नको, त्याला शिवीची फोडणी आहे.

आणि ‘व्यावसायिक वापरास मनाई’ असलेलं सॉफ्टवेअर मुक्त नसतंच, संहिता डोळ्यांसमोर उघडी ठेवली असली तरी. मुक्तस्रोताच्या व्याख्येचं सहावं कलमच असं आहे की अमुक क्षेत्रात वापरू नका अशी अट घालायची नाही. यात धंदाही आला. लिनक्सचं उदाहरण घ्या. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी जो पहिला परवाना लावला त्यात वाटपासाठी पैसे घ्यायला बंदी होती. म्हणजे सक्तीने मोफत. १९९२ मध्ये त्यांनी जीपीएल हा ग्नू प्रकल्पाचा मुक्त परवाना स्वीकारला, पैसे घ्यायची मुभा आली, आणि मगच लिनक्स व्याख्येप्रमाणे मुक्त झालं. विकायला परवानगी मिळाल्यावर मुक्त! ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतलं अंतर दाखवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

मूळ लेखिका

सर्वांचे आभार. तक्ता असा केलाय. पहिला रकाना ‘परवाना’, त्यात मुक्त किंवा बंदिस्त. दुसरा ‘परवाना-शुल्क’, त्यात निःशुल्क किंवा सशुल्क. काकांच्या आग्रहाखातर आणखी दोन रकाने: ‘देखभाल कोणाकडे’ आणि ‘सोडताना डेटा कसा मिळेल’. ‘व्यावसायिक’ फक्त तळटीपेत उरला, तोही ‘व्यावसायिक वापरास परवानगी आहे का’ एवढ्यापुरता.

पोस्टग्रेसच्या ओळीत आता मुक्त, निःशुल्क, आणि देखभालीसमोर त्या कंपनीचं नाव. रीडरच्या ओळीत बंदिस्त, निःशुल्क. पेन्सिलवाला सहकारी खूश आहे. लेखा विभागाने मात्र तक्ता परत पाठवलाय. निःशुल्क वस्तूच्या देखभालीवर खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, असं विचारतायत. ‘देखभाल’ आणि ‘सेवा’ यांत फरक आहे का?

प्रतिसाद ३ कडून

आहे. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, तो दोनशे प्रतिसादांचा होणार.