टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर) जलविभाजक रेषा, म्हणजे दोन ओढ्यांचं पाणी वेगळं करणारी माथ्यावरची रेषा, नेमकी कुठून काढायची?

प्रश्न: १:५०,००० चा नकाशा, समोच्च रेषांतला (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांतला) उंचीचा फरक २० मीटर. जंगलातल्या एका ओढ्याचं पाणलोट क्षेत्र (जिथलं पाणी त्या ओढ्यात येतं तो भाग) आखतोय. खिंडीपाशी आलो की रेषा भलत्याच ओढ्यात उतरते. कुठे चुकतंय?

उत्तर १: बहुतेक सोंड (डोंगराचा खाली उतरत गेलेला उंचवटा) आणि घळ (पाणी वाहणारा खोलगट भाग) यांत गल्लत होतेय. समोच्च रेषांच्या वळणाचं टोक चढाकडे असेल तर घळ, उताराकडे असेल तर सोंड. आधी सगळे ओढे निळ्या पेन्सिलीने गडद करा. नकाशात न दाखवलेल्या घळीसुद्धा. मग पाणी बाहेर पडतं त्या बिंदूपासून वर निघा. जलविभाजक समोच्च रेषांना काटकोनात छेदतो आणि त्या बिंदूखेरीज कुठेही ओढा ओलांडत नाही. ओलांडला, की तिथेच चूक! खिंडीत रेषा सर्वांत खालच्या जागेवरून पलीकडच्या शिखराकडे चढते, बाजूच्या घळीत वळत नाही.

उत्तर २: वरचं बरोबरच. पण २० मीटरपेक्षा बुटके उंचवटे दोन रेषांच्या मधे गडप होऊ शकतात, त्यामुळे सपाट माथ्यावर रेषा अंदाजाचीच. उपग्रहाच्या रडारने केलेल्या उंचीमापनावर पडताळणार असाल तर जपून. दाट झाडीत रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडे लागतात.

प्रश्नकर्ता: घळी आखल्यावर चूक सापडली. क्षेत्रफळ?

उत्तर १: आलेखकागद ठेवून चौकोन मोजा. १ चौ. सेंमी म्हणजे ०.२५ चौ. किमी. हे आडवं क्षेत्रफळ. उताराची खरी जमीन जास्त भरते.