लॅपटॉपच्या घट्ट झालेल्या बिजागरीसाठी कोणते ग्रीस योग्य ठरेल?

नमस्कार. मी पेडणे तालुक्यातील मांद्रे येथे राहतो आणि समुद्र माझ्या घरापासून फार दूर नाही. मुलीने शिक्षणासाठी घेतलेला १५.६ इंची लॅपटॉप आता मी देवस्थानच्या हिशेबासाठी वापरतो. यंदा मृगापासून चवथीपर्यंत तो कपाटात मिटलेलाच राहिला. नंतर उघडायला गेलो, तर झाकण जागचे हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा डावीकडून ‘कर्र’ असा आवाज आला आणि चौकटीचा कोपरा नखाएवढा वर उचलला गेला.

तालुक्यातील एका दुरुस्ती करणाऱ्याने फटीतून गंज सोडवणारा फवारा मारून दिला. आठवडाभर झाकण हलके फिरले आणि मग पूर्वीपेक्षाही घट्ट झाले. त्यामुळे तळाचे आवरण उघडून, बॅटरीची जोडणी सोडवून मी स्वतःच पाहिले. डाव्या बिजागरीच्या तीन स्क्रूंपैकी एकाखालचा पितळी नट भोवतालच्या प्लास्टिकसकट उपटून आला आहे. दांड्यावरून कापसाचा बोळा फिरवला, तेव्हा त्याला काव लागावी तशी तांबूस भुकटी लागली आणि मूळच्या ग्रीसचे मेणचट तुकडेही निघाले.

माझ्या वाचनाप्रमाणे ही बिजागरी दाराच्या बिजागरीसारखी नसते. दाराची बिजागरी जितकी हलकी फिरेल तितकी चांगली; लॅपटॉपच्या बिजागरीचे सारे काम मात्र घर्षणावरच चालते. पोलादी दांड्यावर वाटीसारख्या स्प्रिंग वॉशरांची चळत नटाने आवळलेली असते आणि त्या दाबामुळेच पडदा आपण ठेवू त्या कोनात थांबतो. म्हणून मला घर्षण नाहीसे करणारे नव्हे, तर ते एकसारखे ठेवणारे आणि खाऱ्या हवेत टिकणारे वंगण हवे आहे.

घरात शिवणयंत्राचे तेल आहे, परंतु ते इतके पातळ आहे की बिजागरीला लागून जाणाऱ्या पडद्याच्या केबलपर्यंत झिरपेल, अशी धास्ती वाटते. शेजाऱ्यांनी खोबरेल सुचवले. ते कालांतराने खवट आणि चिकट होते, म्हणून तो विचार मी सोडला. म्हापशाच्या बाजारात पांढरे लिथियम ग्रीस, सिलिकॉन ग्रीस आणि डब्ल्यूडी-४० हे तिन्ही मिळतात. यांपैकी कोणते घ्यावे, की आणखी काही मागवावे? आणि वॉशर आवळणारा नट सैल करणे योग्य ठरेल का? यंत्र बाकी ठणठणीत असल्याने केवळ बिजागरीपायी ते भंगारात जाऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रतिसाद १

आपले निदान बरोबर आहे. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालेले द्रव्य आहे. त्यातील बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरणारा पातळ थर इतक्या दाबाखाली टिकत नाही. आपल्याकडे मारलेल्या फवाऱ्याने उरलेसुरले ग्रीसही धुऊन नेले असावे, आणि मग धातूवर धातू घासू लागला.

सिलिकॉन ग्रीस रबर व प्लास्टिकसाठी उत्तम असते, पण पोलादावर पोलाद घासते तिथे ते दुबळे पडते. लिथियम ग्रीस धातूला चालते; मात्र त्यात बहुधा खनिज तेल असते, आणि ताणाखाली असलेल्या एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला अशा तेलाने बारीक तडे जाऊ शकतात. आपल्या यंत्रात नटाभोवतीचे प्लास्टिक आधीच तडकलेले आहे, तेव्हा तिथे हा धोका अधिक आहे. माझी निवड पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) मिसळलेले सिंथेटिक ग्रीस ही असेल. वेष्टनावर ते प्लास्टिकला निर्धोक असल्याचा उल्लेख अवश्य पाहावा.

तथापि वंगणाच्या आधी बिजागरी पूर्णपणे सोडवून बाहेर काढावी, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ती बाहेर आली की केबल आणि प्लास्टिक या दोन्हींची चिंता मिटते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भुकटी व जुने ग्रीस पुसून काढावे. पॉलिश पेपर मात्र लावू नये, कारण खरखरीत झालेला दांडा पुढे अधिकच झिजतो. वॉशर सुटे करणार असाल, तर त्यांच्या क्रमाचा आधी फोटो काढावा. नंतर दातकोरणीच्या टोकावर मावेल इतकेच ग्रीस लावून बिजागरी दहा-पंधरा वेळा फिरवावी आणि बाहेर आलेले पुसून टाकावे.

एवढ्याने भागले नाही, तरच नट एक-अष्टमांश वळसा सैल करावा आणि दर खेपेस दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल राहिली, तर झाकण पिळले जाते. उपटलेला नट दोन भागांच्या इपॉक्सीने बसवून पूर्ण एक दिवस वाळू द्यावा, पण हे काम बिजागरी हलकी झाल्यानंतरच करावे. अन्यथा तो पुन्हा उपटेल.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. नट आधी चिकटवून मग ग्रीस लावण्याचा माझा बेत होता, तो आता बदलतो. पीटीएफईचे ग्रीस मागवले आहे. उजवी बिजागरी सध्या ठीक फिरते, तरी तीही त्याच वेळी काढून स्वच्छ करावी का, एवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद २

होय, अवश्य काढावी. तिनेही तोच पावसाळा काढला आहे, आणि दोन्हींचे घर्षण जुळवायचे तर दोन्हींत एकच ग्रीस असलेले बरे.