अनुभव धागा : पोलंडचं जेवण, सण, घरं आणि कलाकुसर

शमिका_व
काल लेक आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापत बसली होती, तिला बघून पोलंडमधलं वोविच गाव आठवलं. आम्ही वॉर्सात राहायचो तेव्हा ट्रेनने जाऊन आलो होतो. तिथे एक आजी मेंढ्यांची लोकर कातरायची भलीमोठी कात्री घेऊन बसल्या होत्या. कागद मधोमध दुमडलेला, त्यावर पेन्सिलची एक रेघ नाही. त्या अवजड कात्रीने त्यांनी कोंबड्याच्या तुऱ्याचे दाते इतके बारीक कापले की मी श्वास रोखून बघत होते. मग लाल कोंबड्यावर हिरवी पिसं, त्यावर पिवळी, त्यावर निळी, असे एकावर एक थर चिकटवले. याला विचिनांकी म्हणतात. पूर्वी ईस्टरच्या आधी घराला चुना दिला की शेतकरी बायका जुनी चित्रं काढून नवीन लावायच्या. कुर्पिए भागातली बहुतेक एकाच रंगाची असतात, झाडं आणि पक्षी. मला वोविचचीच जास्त आवडतात.

पोलंडमध्ये राहिलेले, फिरून आलेले इथे कोणी ना कोणी असतीलच. खाणं, सण, चर्च, घरं, जे आठवेल ते लिहा.

उकडीचा_मोदक
पियेरोगी!!! पाण्यात उकडलेल्या करंज्याच म्हणा, बटाटा आणि ताज्या चीजचे, वरून तुपकट परतलेला कांदा. शाकाहारी लोकांनी 'रुस्किए' मागायचे, पण कांद्यावर बेकन घालू नका हे आधीच सांगा. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

पंचगंगाकाठ
पोलंड पाहिलं नाही, पण आम्ही कोल्हापूरचे, म्हणून लिहितोच. वळिवड्याचा कँप. १९४३ ते १९४८, साधारण ५००० पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने घरादारातून उचलून सायबेरियाकडे धाडलेली, तिथून सुटून इराणमार्गे इकडे आलेली. कँपात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. आमचे आजोबा तिकडे दूध घालायला जायचे. नाताळात ती मुलं गात फिरायची असं सांगायचे. पुढे त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी लोक राहिले, तेच आजचं गांधीनगर. तिथे कापड घ्यायला सगळे जातात, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. महावीर गार्डनमध्ये स्मारक आहे, कोल्हापूरला याल तेव्हा जरूर बघा.

शमिका_व
पंचगंगाकाठ, अंगावर काटा आला. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे, आणि जामनगरच्या जामसाहेबांच्या नावाने एक चौक आहे, 'भल्या महाराजांचा चौक'. त्यांनी बालाचडीला पोलिश अनाथ मुलं सांभाळली होती.

नीलमोहर
विगिलिया. म्हणजे २४ डिसेंबरची रात्र. मी शिकायला होते, हॉस्टेल रिकामं झालेलं, तर मैत्रिणीची आई म्हणाली एकटी राहायचं नाही, घरी यायचं. टेबलक्लॉथखाली मूठभर सुकं गवत पसरलेलं, येशूच्या गव्हाणीची आठवण म्हणून. आणि एक ताट जास्तीचं मांडलेलं, अवचित कोणी दारात आलं तर त्याच्यासाठी. पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवत नाही, पोरं खिडकीला नाक लावून उभी. मग ओपवातेक, अगदी पातळ पांढरी पोळी. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडून घ्यायचा आणि त्याला शुभेच्छा द्यायच्या. त्या आजोबांनी माझ्या पोळीचा तुकडा मोडून पोलिशमध्ये बराच वेळ काही म्हटलं. मला निम्मंच कळलं, पण रडू आलं.
१२ पदार्थ. मांस नाही, फक्त मासे, त्यामुळे माझी चंगळ झाली. बीटचं लालभडक सार, त्यात मशरूम भरलेल्या इवल्या पुड्या, कोबी, खसखशीचा रोल. मासा तेवढा बाजूला ठेवला.

मेथीदाणा
नीलमोहर, त्या साराची कृती दे ना. आमच्याकडे बीट कोणी खात नाही.

चौथरा
आर्किटेक्ट आहे, तर घरांबद्दल लिहितो. वॉर्साचा जुना भाग बघताना डोक्यात एकच गोष्ट ठेवा : यातलं बहुतेक सगळं १९४४ नंतर परत बांधलंय. नाझींविरुद्धचा उठाव मोडल्यावर जर्मनांनी ठरवून शहर उडवलं, ऐतिहासिक भाग ८५ टक्क्यांहून जास्त गेला. लोकांनी तो ढिगाऱ्यातून उभा केला. आधार काय, तर इटालियन चित्रकार बेल्लोत्तोने १८व्या शतकात काढलेली शहराची चित्रं आणि वॉर्सा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी मापं घेऊन काढलेले नकाशे. ते नकाशे युद्धात लपवून ठेवले होते म्हणून वाचले. १९५३ मध्ये जुन्या भागातला मुख्य चौक खुला झाला, १९८० मध्ये हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. मी त्या चौकात बसून एका दाराच्या चौकटीचं स्केच केलं. दगडावर जुना तुकडा कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते जवळून दिसतं. माझ्या मते युरोपातलं हे सर्वात धाडसी बांधकाम आहे.

हिरवा_चुडा
चौथरा, हे वाचून पोटात कालवलं. मामाचा वाईचा वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. सागवानी खांब, चौकात तुळस. घरच्यांचं पटलंय, मी काही बोलू शकत नाही.

उकडीचा_मोदक
अगं 😔 आमचा वाडाही असाच गेला. माझ्याकडे एक धड फोटो नाही.

चौथरा
हिरवा चुडा ताई, पाडण्याआधी मापं घ्या. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, खांबांमधलं अंतर, कोनाड्यांची उंची. दरवाजे समोरून सरळ उभं राहून फोटो काढा, शेजारी टेप धरून. नक्षीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा मिळतो. मी पुण्यात आहे, रविवारी येऊ शकतो.

हिरवा_चुडा
खरंच याल? मामांशी बोलते. जेवायलाच या.

गारवा
क्राकोवचं कोणीच लिहिलं नाही अजून! मारियात्स्की चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, चारही दिशांना, आणि सूर मध्येच तुटतो. तातारांचा बाण पहारेकऱ्याच्या गळ्यात घुसला अशी दंतकथा सांगतात. खाली गाड्यांवर ओब्वाझानेक घ्या, पीळ घातलेलं कडं, आधी पाण्यात उकळून मग भाजलेलं. खसखशीचं घ्या.
आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये झुरेक. राईच्या पिठाचं पाणी आंबवून केलेलं आंबट सूप, थेट आमच्या सोलापूरकडच्या आंबिलीची आठवण. सॉसेज असतं त्यात, विचारून घ्या.

शमिका_व
झालिपिए गाव राहिलं! तिथे चुलींना धुराडं नव्हतं. बायका काजळी धरलेल्या भिंतीवर चुन्याचे ठिपके द्यायच्या, त्यांचीच पुढे फुलं झाली. आता घरं, विहिरी, कुत्र्याचं खुराडंसुद्धा फुलांनी रंगवलेलं असतं. १९४८ पासून घरं रंगवायची स्पर्धा आहे. फेलित्सिया त्सुरिवोवा यांचं घर तिथे संग्रहालय म्हणून जपलंय.

नीलमोहर
मेथीदाणा, बीटचे काप, ठेचलेला लसूण, तमालपत्र, ऑलस्पाइसचे दाणे, मीठ घातलेलं उकळून गार केलेलं पाणी. काप पाण्याखाली बुडलेले राहू देत. बरणीला कापड बांधून चार-पाच दिवस ओट्यावर ठेव, रोज ढवळ. ते गाळून सुक्या मशरूमच्या पाण्यात घाल आणि नुसतं गरम कर, उकळलं की रंग जातो.

मेथीदाणा
सुके मशरूम पुण्यात कुठे मिळतील?