भिवंडीहून नागपूर-इंदूरला माल पाठवायचा आहे: पार्ट लोड घ्यावा की स्वतंत्र गाडी? बुकिंगच्या वेळी काय लिहून घ्यावं?

दापोडे_डिस्पॅच

नमस्कार मंडळी. काचेच्या बरण्या आणि झाकणाचे प्लास्टिक डबे असा मिश्र माल आहे. पाचपदरी खोक्यात पॅक केलेला, खोक्याचं बाहेरचं माप ६०×४५×४० सेंमी, वजन सरासरी १४ किलो. गोदाम दापोड्याला. आतापर्यंत माल ठाणे-मुंबईतच जायचा, तोही ठरलेल्या टेम्पोने. आता दर महिन्याला नागपूरला ६० खोकी (बिल जीएसटीसह ९२,०००) आणि इंदूरला ३५ खोकी (बिल ५५,०००) जाणार आहेत.

नागपूरसाठी दोन भाव आले आहेत. एक वाहतूकदार किलोला ९ रुपये म्हणतो, दुसरा साडेसात. दोघेही "घरपोच" म्हणतात. साडेसातवाल्याला होकार द्यायचा विचार आहे. पण त्याआधी विचारतो: पार्ट लोड (इतरांच्या मालासोबत गाडीतली थोडी जागा) बरा की छोटी स्वतंत्र गाडी? ई-वे बिल (माल नेण्यासाठीची जीएसटीची ऑनलाइन नोंद) कोणी काढायचं? फुटतूट झाली तर जबाबदार कोण?

घनफूट

साडेसातवाल्याला होकार देण्याआधी एकच विचारा: "किती सीएफटीने धरता?" म्हणजे एका घनफुटाला तो किती किलो लावतो. हाच गुणक. खोकी हलकी आणि मोठी असली की वजनकाट्यावरच्या वजनाला काही अर्थ उरत नाही, भाडं आकारमानाच्या वजनावर लागतं.

हिशोब असा. लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये घ्या आणि २७,००० ने भागा. तुमचं खोकं १,०८,००० घनसेंमी, म्हणजे बरोबर ४ घनफूट. (खरा घनफूट २८,३१६ घनसेंमीचा असतो. बरेच वाहतूकदार २७,००० धरतात, म्हणजे त्यातच पाच टक्के त्यांच्याकडे जातात. हेही बोलून घेता येतं.)

आता ९ वाला जर घनफुटाला ६ किलो धरत असेल तर एक खोकं २४ किलोचं झालं. ६० खोकी म्हणजे १,४४० किलो, भाडं १२,९६०. साडेसातवाला १० किलो धरत असेल तर तेच खोकं ४० किलोचं, एकूण २,४०० किलो, भाडं १८,०००. काट्यावर तुमचा माल दोन्हीकडे ८४० किलोच आहे. किलोचा दर कमी दाखवून गुणक वाढवणं या धंद्यात सर्रास चालतं. दरपत्रकात किलोचा दर, गुणक आणि भागाकाराचा आकडा, तिन्ही लेखी नसतील तर दोन भावांची तुलनाच होत नाही.

मापं घेताना फुगलेल्या खोक्याची घ्या. पट्टी बसल्यावर मधला भाग दोन-तीन सेंमी वर येतो, आणि वाहतूकदाराच्या हबवर (माल एकत्र करून गाडी बदलण्याच्या जागी) मोजतात ते तिथेच. ४० ऐवजी ४३ धरलं तर बिल साडेसात टक्क्यांनी वाढतं.

स्वतंत्र गाडीबद्दल: तुमचा माल वजनाने नाही, जागेने गाडी भरतो. १४ फुटी गाडीचा हौदा साधारण १४×६×६ फूट, म्हणजे ५०४ घनफूट. कागदावर १२६ खोकी बसतात. प्रत्यक्षात लांबीत ७, रुंदीत ४, उंचीत ४ अशी ११२ बसतात, कारण उरलेल्या फटीत आणखी खोकं जात नाही. म्हणजे ६० खोक्यांना अर्धी गाडी रिकामी धावणार आणि भाडं पूर्ण गाडीचं. नागपूरचा माल १०० खोक्यांच्या आसपास गेला की १४ फुटीचा भाव मागवा. तोवर पार्ट लोड.

कागदपत्र_आधी

ई-वे बिलाबद्दल. तुमच्या दोन्ही मालांना नियम वेगळा लागतो.

नागपूर राज्यातच. महाराष्ट्रात राज्यांतर्गत मर्यादा १ लाख रुपये आहे, त्यामुळे ९२,००० ला सक्ती नाही. इंदूर परराज्यात, तिथे मर्यादा ५०,००० ची, म्हणून ५५,००० च्या मालाला हवंच. दोन्हीकडे किंमत करासह धरायची. नागपूरच्या मालालाही अनेक वाहतूकदार ई-वे बिल मागतात. स्वेच्छेने काढायला आडकाठी नाही. मला तर काढलेलंच बरं वाटतं, कारण त्यांच्या गाडीत इतर दहा जणांचा माल असतो आणि तपासणीत गाडी अडली की सगळ्यांचाच माल अडतो.

ई-वे बिलाच्या भाग 'अ' मध्ये मालाचा तपशील असतो, भाग 'ब' मध्ये गाडीचा नंबर. पार्ट लोडमध्ये खरी गफलत भाग 'ब' मध्ये होते. गोदामातून माल उचलणारा टेम्पो वेगळा, नागपूरला जाणारी गाडी वेगळी. तुम्ही उत्साहाने टेम्पोचा नंबर भाग 'ब' मध्ये भरलात की बिलाची मुदत त्याच क्षणी सुरू होते, आणि माल हबवर दोन दिवस पडून राहिला तरी ती संपत जाते. वाहतूकदाराचं ठिकाण राज्यातच आणि ५० किमीच्या आत असेल तर तिथपर्यंत भाग 'ब' शिवाय माल नेता येतो. म्हणून भाग 'अ' भरा, वाहतूकदाराचा १५ अंकी आयडी टाका आणि थांबा. पुढे गाडीचा नंबर तोच भरेल, गाडी बदलली तर तोच बदलेल.

मुदत दर २०० किमीला किंवा त्याच्या भागाला एक दिवस. इंदूर साधारण साडेपाचशे-पावणेसहाशे किमी, म्हणजे तीन दिवस. पहिला दिवस भरल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री बाराला संपतो. सोमवारी दुपारी भाग 'ब' भरला तर गुरुवारी रात्री बारापर्यंत चालतं. वाढवायचं असेल तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच खिडकी उघडी असते. चुकीचं बिल २४ तासांत रद्द करता येतं.

आणखी एक. दापोड्याचं गोदाम तुमच्या जीएसटी नोंदणीत 'अतिरिक्त व्यवसायस्थळ' म्हणून आहे का ते पाहा. नसेल तर आधी ते जोडा. मुख्य पत्ता मुंबईचा असेल तर ई-वे बिलात 'कुठून रवाना' या रकान्यात गोदामाचा पत्ता आणि पिनकोड टाका. अंतर पिनकोडवरून निघतं.

गाडीच्या नंबरात एखादं अक्षर चुकलं किंवा पिनकोड चुकला म्हणून घाबरू नका. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार अशा किरकोळ चुकांना केंद्र आणि राज्य कायद्याखाली ५००-५०० रुपये दंड आहे. ई-वे बिलच नसेल तर मात्र करपात्र मालाला कराच्या २०० टक्के दंड बसू शकतो.

खोकं_ते_पावती

फुटतुटीबद्दल लिहितो, कारण काचेला पार्ट लोड म्हणजे जोखीमच आहे. गोदामातून टेम्पोत, टेम्पोतून भिवंडीच्या हबवर, तिथून मोठ्या गाडीत, नागपूरच्या हबवर खाली, पुन्हा छोट्या गाडीत, मग दुकानात. खोकं किमान सहा वेळा हाताळलं जातं. 'नाजूक' असा शिक्का मारला म्हणून कोणी हळू ठेवत नाही. सुटं १४ किलोचं खोकं एका हाताने भिरकावता येतं, हीच अडचण आहे.

उपाय पॅलेटचा (खोकी रचून बांधायचा लाकडी पाट), पण त्याची किंमत मोजून घ्या. १२०×१०० सेंमीच्या पॅलेटवर तुमची चार खोकी एका थरात, तीन थर, म्हणजे १२. एकूण ५ पॅलेट. पॅलेटची उंची १४ सेंमी धरली तर १२०×१००×१३४, जवळपास ६० घनफूट. सुटी १२ खोकी ४८ घनफूटच होती. म्हणजे सहाच्या गुणकाने १,४४० किलोचे साधारण १,७९० किलो होतात, भाडं ९ च्या दराने तीन हजारांहून थोडं जास्त वाढतं. बरण्यांची खोकीच पॅलेटवर बांधा, डबे सुटे जाऊ द्या. स्ट्रेच फिल्म गुंडाळताना खालचे दोन-तीन वेढे पॅलेटच्या लाकडासकट घ्या, नाहीतर वरचा सगळा गठ्ठा पॅलेटवरून सरकतो. नागपूरच्या दुकानात फोर्कलिफ्ट नसणार, तिथे पॅलेट सोडूनच उतरवावं लागेल, हे वाहतूकदाराला आधीच सांगा.

आता जबाबदारी. बिल्टीच्या (वाहतूकदाराने माल घेतल्याच्या पावतीच्या) मागे बारीक अक्षरात 'मालकाच्या जोखमीवर' छापलेलं असतं. रस्ते मालवाहतूक कायदा २००७ चा आणि त्याचे नियम २०११ चे. त्यात वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत आहे, तीही जाहीर किमतीपेक्षा जास्त नाही. जास्त हवी असेल तर जादा जोखमीचा दर देऊन तसं बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावं लागतं. ८०,००० चा माल १,२०० रुपये भाड्याने गेला आणि हरवला, तर हाती १२,००० येतील. तुमच्यासारख्या मोठ्या आकाराच्या मालाला ही मर्यादा तितकी बोचत नाही, कारण भाडंच जास्त असतं. तरी विमा वेगळा घ्याच, आणि 'इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए' (सगळ्यात व्यापक संरक्षण) आहे का ते पाहा. 'बी' मध्ये आग, अपघात, गाडी उलटणं अशी ठरावीक कारणंच येतात, 'सी' मध्ये त्याहून कमी. हबवर खोकं आपटून बरण्या फुटल्या तर 'बी' चा उपयोग नाही.

दावा नागपूरला खोकं उतरतानाच जिंकला किंवा हरला जातो. घेणाऱ्याला सांगून ठेवा: खोकं ओलं, दबलेलं किंवा आतून खळखळत असेल तर पोचपावतीवर शिक्का मारण्याआधी खोक्याचा नंबर आणि अवस्था लिहायची, ड्रायव्हरची सही घ्यायची, फोटोत बिल्टी नंबर दिसला पाहिजे. नुसतं "तपासून घेऊ" लिहून चालत नाही. नंतर वाहतूकदाराला लेखी नोटीस. कायद्याने बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस आहेत, पण विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. प्रत्येक खोक्यावर १/६०, २/६० असे आकडे दोन बाजूंना घाला. हे नसेल तर "एक खोकं कमी" म्हणजे नेमकं कुठलं, ते सिद्ध करता येत नाही.

दापोडे_डिस्पॅच

सगळ्यांचे मनापासून आभार. साडेसातवाल्याला फोन केला, तो घनफुटाला १० किलोच धरतो! त्यामुळे ९ वाल्याकडे वळतोय, त्याचा गुणक ६ चा आहे. आणखी दोन शंका. तो "सगळं धरून" म्हणतो, म्हणजे नेमकं काय काय धरून? आणि पुढे दिवाळीआधी पूर्ण गाडी लागली तर बाजारातली गाडी घेताना काय पाहायचं?

घनफूट

"सगळं धरून" हे शब्द बिलात कुठेच दिसणार नाहीत. त्याच्याकडून एका कागदावर या गोष्टी घ्या: बिल्टी शुल्क, इंधन अधिभार (किती टक्के, आणि डिझेलच्या कुठल्या भावापासून), किमान आकारणी वजन, शहराबाहेरच्या पत्त्याचा जादा आकार, पोचवायला गेल्यावर दुकान बंद असेल तर पुन्हा फेरीचा आकार, आणि हमाली.

हमालीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. वाहतूकदार म्हणतात, ज्याचा माल त्याचा हमाल. "घरपोच" म्हणजे गाडी दारापर्यंत. खोकी गाडीतून उतरवून आत नेणं त्यात आपोआप येत नाही. दापोड्याला भरताना तुमची टोळी, नागपूरला उतरवताना कोणाची? दुकान पहिल्या मजल्यावर असेल तर तेही सांगा. हे न ठरवता गाडी गेली की ड्रायव्हर रोख मागतो आणि ती रक्कम पावतीशिवाय जाते.

भाडं कोण देणार तेही बिल्टीवर स्पष्ट हवं: पेड (आधीच दिलेलं), टू पे (माल घेणाऱ्याने द्यायचं) की महिन्याचं बिल. जीएसटीचंही विचारा. वाहतूकदार स्वतः कर लावत नसेल तर ५ टक्के उलट आकारणीने तुम्हाला भरावा लागतो, तोही रोख खात्यातून. नंतर क्रेडिट मिळतं, पण ते पैसे आधी हातात लागतात.

हौदा_तपासा

पूर्ण गाडीचं सांगतो. गाडी लागली की माल भरण्याआधी नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका: फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट. इंदूरसाठी नॅशनल परमिट हवं. पाटीवरचा नंबर, आरसीवरचा नंबर आणि तुम्हाला कळवलेला नंबर एकच असला पाहिजे. ड्रायव्हरचं लायसन्स आणि त्याचा समोर उभा असलेला फोटो ठेवा.

मग एका माणसाला बंद बॉडीच्या हौद्यात उभं करून दारं लावा. छतातून किंवा कोपऱ्यातून उजेडाचा ठिपका दिसला तर पावसात तिथूनच पाणी येणार. ही गाडी नको. तळाच्या फळ्यांवरून हात फिरवून वर आलेले खिळे पाहा. आधी मसाला किंवा रसायन गेलं असेल तर वास येतो, आणि तुमच्या डब्यांना तो लागतो. उघडी गाडी असेल तर ताडपत्री दोन थर, आणि दोर खोक्यांच्या कडेवर बसतो तिथे पुठ्ठ्याचा कोपरा.

बिल्टी ज्याच्याशी बोलणी झाली त्याच्याच नावाची हवी. दलालाने दुसऱ्या दलालाला गाडी दिलेली असते, आणि तुम्ही पूर्ण भाडं देऊनही गाडीमालकाला पैसे मिळाले नाहीत तर तो माल अडवून बसतो. साधारण ८० ते ९० टक्के आगाऊ आणि बाकी पोचपावती आल्यावर, अशी पद्धत आहे. आगाऊ रक्कम बिल्टीवरच्या नावाच्या बँक खात्यातच टाका, ड्रायव्हरने दिलेल्या क्यूआरवर नाही.

थांबण्याचा आकारही लिहून घ्या: भरायला किती तास मोफत, उतरवायला किती, त्यापुढे दिवसाला किती. दिवाळीआधी इंदूरच्या गोदामाबाहेर गाड्यांची रांग असते, त्यामुळे पोहोचल्याची वेळ ड्रायव्हरने कळवलेली नको, गेटच्या नोंदवहीतली धरायची असं ठरवा.

समृद्धीवरून नागपूर लवकर गाठता येतं हे खरं. आमणे ते नागपूर ७०१ किमी, आणि आमणे तुमच्या भिवंडी तालुक्यातच आहे. पण हा फायदा पूर्ण गाडीला. पार्ट लोडचा वेळ रस्त्यावर नाही, हबवर गाडी भरेपर्यंत जातो. म्हणून त्या ९ वाल्याला विचारा, नागपूरची गाडी आठवड्यातून कुठल्या वारी सुटते, आणि उचल त्याच्या आदल्या दिवशी लावा. ठाणे-भिवंडी पट्ट्यात अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा असतात आणि अधिसूचना बदलत राहते, त्यामुळे टेम्पो गोदामाला किती वाजता लागेल ते आदल्या संध्याकाळीच पक्कं करा.