काल संध्याकाळपर्यंत चालत होतं : अपग्रेडनंतर मुक्या झालेल्या यंत्रांचे अनुभव

सातारा

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी एक फ्लॅटबेड स्कॅनर आहे, २००७ साली घेतलेला. आजोबांच्या लाकडी पेटीतली मोडी पत्रं, वाटणीपत्रं, गहाणखतं असे सातआठशे कागद मी त्यावर एकेक करून उतरवले. काचेवर ओरखडा नाही, आतला दिवा अजून पहिल्या दिवसासारखा सरकतो. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट मिळणं थांबणार होतं, म्हणून भाच्याने त्याच कॉम्प्युटरवर विंडोज १० टाकून दिली. जुनी विंडोज ३२ बिट प्रकारची होती, नवी ६४ बिट, म्हणजे एका वेळी जास्त माहिती हाताळणारी. दुसऱ्या दिवशी स्कॅनर जोडला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या यंत्रांच्या यादीत) पिवळं उद्गारचिन्ह. पेटीत अजून तीनशे कागद शिल्लक होते, कडा झडत चाललेले.

नंतर कळलं ते असं. यंत्राशी बोलायला सिस्टीमला ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो, आणि ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर आत घेतच नाही. माझ्या मॉडेलसाठी कंपनीने ६४ बिटचा ड्रायव्हर कधी काढलाच नव्हता. ग्राहक सेवेचं उत्तर दोन ओळींचं : हे मॉडेल आता बंद आहे, नवीन घ्यावे. दुकानदारही तेच म्हणाले. मला लागलं ते वेगळंच. त्या दिवसापासून घरातले सगळे त्या स्कॅनरला 'खराब झालेला' म्हणू लागले. त्याला काहीही झालेलं नव्हतं. त्याची भाषा येणारा एकुलता एक माणूस घरातून काढून टाकला होता, इतकंच.

तुमच्याकडे असं काय काय मुकं झालं ते लिहा. कुठलं यंत्र, कशावरून कशावर गेलात, मार्ग निघाला का, हे जरूर सांगा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल. कंपन्यांची नावं नकोत, चर्चा भांडणाकडे जाते.

सोलापूर जिल्हा, पतसंस्था

ताई, तुमचं वाचून आमचा २०१५ चा मार्च आठवला.

मी पतसंस्थेत लेखनिक आहे. आमचा सगळा हिशेब डॉस या विंडोजआधीच्या जुन्या सिस्टीमवर, फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रोग्राममध्ये होता. दिसायला निळा पडदा आणि पांढरी अक्षरं, पण खातं उघडायला दोन सेकंद लागायचे नाहीत. पावत्या आणि पासबुक डॉट मॅट्रिक्सवर. पिग्मीचे अकरा एजंट संध्याकाळी यायचे, हातातलं मशीन सीरियल केबलला लावायचे, आणि दिवसभराचा भरणा पाच मिनिटांत खात्यांवर पडायचा. आमच्या विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला संपला होता, लेखापरीक्षणात तसा शेरा आला. शेरा योग्यच होता, लोकांच्या ठेवींचा प्रश्न आहे. संचालक मंडळाने ठराव केला आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्ही मशीन फॉरमॅट मारून त्यावर ६४ बिट विंडोज ७ आली.

६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम सुरूच होत नाहीत. इंजिनिअरने डॉसबॉक्स (डॉसचं सोंग घेणारा प्रोग्राम) टाकून प्रोग्राम उघडून दाखवला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग पहिली पावती काढायला गेलो तर प्रिंटर हलेना. डॉसचा प्रोग्राम मजकूर थेट एलपीटी १ या प्रिंटरच्या पोर्टवर फेकतो, आणि आता मध्ये डॉसबॉक्सची भिंत होती. पिग्मीची केबलही त्या भिंतीपलीकडे.

३१ मार्चला नऊ दिवस उरले होते. ते नऊ दिवस आम्ही हाताने पावत्या फाडल्या. भाजीवाल्या मावशी रोज वीस रुपये भरतात, त्यांच्या पासबुकात छापील ओळीखाली पेनाने लिहिलेली ओळ आली की त्या विचारायच्या, "साहेब, हे मशीनमध्ये गेलं ना?" मला त्या प्रश्नाचं उत्तर छातीठोकपणे देता येत नव्हतं. रात्री अकरापर्यंत बसून आम्ही दोघं त्याच नोंदी वहीवरून पुन्हा कॉम्प्युटरमध्ये भरायचो.

मार्ग अगदी साधा होता आणि तो सांगायला बाहेरून एक ओळखीचा मुलगा यावा लागला. विंडोज ७ ची ३२ बिट आवृत्तीही होती, आणि तिच्यात डॉसचे प्रोग्राम चालतात. एका मशीनवर ती टाकली, इंटरनेटची वायर काढून ठेवली, प्रिंटर आणि पिग्मी दोन्ही त्याच दिवशी सुरू. टाकणाऱ्याने आधी फक्त इतकं विचारायला हवं होतं, की या मशीनला काय काय जोडलेलं आहे. तो प्रश्न कोणी विचारत नाही.

छत्रपती संभाजीनगर, विद्यार्थी

लिनक्स या विंडोजऐवजी वापरायच्या मोफत सिस्टीमवरही हे होतं. माझ्या लॅपटॉपच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) आहे, कर्नल बदलला की तो नव्याने बांधावा लागतो. एका अपडेटमध्ये तो बांधला गेला नाही आणि वायफाय यादीतूनच गेलं. दुरुस्तीला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटच नाही. परीक्षा फॉर्मचा शेवटचा दिवस होता. फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरलं. नंतर समजलं की सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडता येतो आणि त्यात सगळं जसंच्या तसं चालतं. हे प्रत्येक लिनक्सवाल्याने पाठ करून ठेवावं.

सातारच्या काकू, तुमचा स्कॅनर 'सेन' प्रकल्पाच्या यादीत आहे का बघा. जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर स्वयंसेवकांनी लिहून तिथे ठेवलेत. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, कॉम्प्युटरमधलं काही पुसलं जात नाही. हे लोक इतक्या चिकाटीने का लिहितात, याचं मूळही प्रिंटरमध्येच आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी कागद अडकला की कळवण्याची सोय केली होती. नव्याचा मूळ कोड त्यांना मागूनही मिळाला नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी कोणालाही बघता आणि बदलता येईल अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभव होता. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

इचलकरंजी, डीटीपी

आमच्या धंद्यात 'लॉक' म्हणून एक वस्तू असते. काडेपेटीएवढी डबी, कॉम्प्युटरला लावली तरच मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडतं. आधी प्रिंटरच्या पोर्टला लागायची, नंतर यूएसबीची आली. रीतसर पैसे भरून घेतलेली.

तुळशीची लग्नं झाली आणि पत्रिकांची कामं सुरू झाली. रात्री मशीन चालू ठेवून घरी गेलो, सकाळी येऊन बघतो तर विंडोज १० चं मोठं अपडेट आपोआप बसलेलं. लॉकचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीत उठेना. सॉफ्टवेअर म्हणतं लॉक लावा, आणि लॉक तर समोर लावलेलंच आहे, त्याचा दिवासुद्धा पेटलाय.

बाहेरच्या माणसाला वाटेल, दुसऱ्या फॉन्टात करा. तसं होत नाही. आमच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत. फॉन्ट नसेल तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा भाजीपाला दिसतो. अठरा वर्षांचं काम त्यात आहे. गावातल्या निम्म्या घरांच्या पत्रिका, दोन संस्थांच्या स्मरणिका, माझ्या वडिलांनी जुळवलेला पंचांगाचा मजकूर. सगळं माझ्याच डिस्कवर होतं आणि मला वाचता येत नव्हतं. त्या दिवशी चौदा पत्रिका बाकी होत्या. एका मुलीचे वडील काउंटरवर उभे, हातात मजकुराचा कागद, त्यावर हळदकुंकू लावलेलं. त्यांना काय सांगणार?

फॉन्टवाल्या कंपनीला फोन केला. नवी आवृत्ती घ्या, म्हणाले, आणि किंमत सांगितली ती संपूर्ण नव्या सॉफ्टवेअरची. मला हा अन्याय वाटला आणि आजही वाटतो. सुटका झाली ती सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन. मोठ्या अपडेटनंतर दहा दिवसांपर्यंत मागच्या आवृत्तीवर परत जाता येतं. दहा दिवस उलटले की जुन्या फायली पुसल्या जातात, मग ती वाट बंद. मी दुपारी परत गेलो आणि रात्री दीड वाजता चौदावी पत्रिका बटर पेपरवर काढली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक जुनी फाईल युनिकोडमध्ये आणतो. जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात, र्‍या आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते. वडिलांचं पंचांग आधी घेतलं.

चिपळूण, पॅथॉलॉजी लॅब

आमच्याकडे रक्तपेशी मोजणारं यंत्र सीरियल केबल आणि यूएसबी कन्व्हर्टर लावून कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. एका अपडेटने कन्व्हर्टरचा ड्रायव्हर बदलला, नवा ड्रायव्हर आमच्या जुन्या चिपला ओळखेना, 'कोड १०', म्हणजे यंत्र सुरू होत नाही असा संदेश. आकडे यंत्राच्या पडद्यावरून बघून हाताने रिपोर्टात भरावे लागले. पावसाळा होता, डेंग्यूचे रुग्ण होते. प्लेटलेटमध्ये एक शून्य इकडचं तिकडे झालं तर काय होतं हे मला इथे लिहायला नको. दोन दिवस प्रत्येक रिपोर्ट दोघींनी वाचला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरच्या यादीतून जुनी आवृत्ती निवडली आणि सुरू झालं. पुढे वेगळ्या चिपचा कन्व्हर्टर आणून ठेवला. यंत्र लाखांचं आणि अडलं काहीशे रुपयांच्या केबलवर.

नागपूर

मी दृष्टिहीन आहे, मराठीचा शिक्षक. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) ऐकून काम करतो आणि सोबत चाळीस खुणांचा ब्रेल डिस्प्ले वापरतो, त्यावर ओळ बोटांनी वाचता येते. २०२० च्या सुरुवातीला माझा स्क्रीन रीडर पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीवरून पायथन ३ वर गेला. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळे जाणं भागच होतं. पण माझ्या डिस्प्लेचा ड्रायव्हर एका स्वयंसेवकाने लिहिलेलं जुनं ॲड-ऑन (पूरक प्रोग्राम) होतं. ते नव्यात चढलं नाही आणि बोटाखालची ओळ सपाट झाली.

लोक म्हणाले, आवाज तर येतोय ना? आवाजात मला 'दिन' आणि 'दीन' वेगळे ऐकू येत नाहीत. ब्रेलमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या खुणा निराळ्या आहेत, मी शुद्धलेखन तिथे वाचतो. मुलांचे निबंध तपासताना मला दुसऱ्या कोणाला विचारावं लागायचं, "ही वेलांटी पहिली आहे का दुसरी?" वीस वर्षं शिकवल्यावर ते फार जड गेलं. जुन्या आवृत्तीची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून निभावलं. काही महिन्यांनी कोणीतरी ॲड-ऑन दुरुस्त केलं. तो माणूस मला माहीत नाही, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही.

ठाणे, करसल्लागार

थोडक्यात लिहितो. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन. सप्टेंबर २०१५ मध्ये माझ्या ब्राउझरने जुने प्लगइन (ब्राउझरला जोडायचे पूरक प्रोग्राम) पूर्ण बंद केले, त्याबरोबर सही करणारा छोटा प्रोग्राम, जावा ॲप्लेट, गेला, आणि टोकन लुकलुकत राहिला तरी सही होईना. तारीख चुकली, अशिलाला विलंब शुल्क बसलं, ते मी भरलं. तेव्हापासून दुसरा ब्राउझर तयार ठेवतो आणि शेवटच्या तारखेच्या आठवड्यात कुठलंही अपडेट घेत नाही.

नंदुरबार, शाळा

आमच्या माजी विद्यार्थ्यांनी बारा कॉम्प्युटर दिले. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचे सगळे त्याआधीचे, पण एकही बिघडलेला नाही. दहा मशीनवर लिनक्स टाकलं, मुलांनी दोन दिवसांत उचललं. अडलो डिजिटल बोर्डापाशी. चित्र दिसतं, पण पेन उमटत नाही, कारण पेनाचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा आहे. म्हणून दोन मशीन विंडोज १० वरच ठेवली आहेत, नेटशिवाय. बोर्ड पाहिजे तर नेट नाही, आणि नेट पाहिजे तर बोर्ड नाही. सातवीच्या मुलांना भूगोलाचा नकाशा बोर्डावर रेघ ओढून दाखवायचा असतो, त्यांना हे कसं समजावू?

सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. संभाजीनगरच्या बाळा, तू सांगितल्याप्रमाणे भाच्याने रविवारी पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवलं. माझं मॉडेल यादीत होतं. ड्रायव्हर वेगळा टाकावाच लागला नाही, 'स्कॅन' दाबलं आणि दिवा सरकायला लागला. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून मी खुर्चीतून उठले. पहिलं एक गहाणखत घेतलं, मग चुलत पणजोबांचं पत्र. संध्याकाळपर्यंत एकोणतीस कागद झाले.

नंदुरबारच्या सरांच्या बोर्डाचं पेन लिनक्सवर कोणी चालवलं असेल तर कृपया इथे लिहा. सर, बोर्डाच्या मागच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो, तेवढा बघून ठेवा.