मदत हवी आहे : बाळंतपणानंतरच्या बीपीचं घरच्यांना कसं पटवावं?

नमस्कार. मी सुरगाण्याकडची आशा सेविका. मागच्या आठवड्यात एका पहिलटकरणीकडे सातव्या दिवसाच्या गृहभेटीला गेले. आठव्या महिन्यात तिला सूज होती, लघवीत प्रोटीनही निघालं होतं. पण बाळंतपण दवाखान्यात नीट झालं. पाहते तर ओटीवर डोक्याला फडकं गच्च आवळून बसलेली. "ताई, डोळ्यांपुढं काजवे चमकतात." माझ्या पदरच्या पैशांनी घेतलेलं मशीन लावलं, 164/112. थोडं थांबून परत घेतलं, 160/110. हात थरथरले माझे.

सासूबाई म्हणाल्या, "मूल झालं ना, आता कसलं बीपी? जागरण झालंय." वर सव्वा महिन्याच्या आत उंबरा ओलांडायचा नाही! पटवण्यात दोन तास गेले, मग 108 आली. दवाखान्यात झटके रोखणारी मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं दिली, झटके आले नाहीत, वाचली. पण वाढलेल्या बीपीमुळे झटके बाळंतपणानंतरही येतात, सहा आठवड्यांपर्यंत धोका असतो, हे त्यांच्या गळी काही उतरलं नाही. (म्हणजे जवळपास त्यांच्या सव्वा महिन्याइतकाच काळ!)

आता आणखी दोघींचे दिवस भरत आलेत, एकीचं बीपी 140/90 च्या वर आहे. सासवांशी तुम्ही नेमकं काय बोलता? आधीच बोलून ठेवता का? आणि गरोदरपणात काही डिजिटल मशीन बीपी कमी दाखवतात म्हणे. गरोदर बायांवर तपासलेलं, परवडणारं मशीन कोणी वापरतंय का? सिस्टर महिन्यातून एकदाच येतात, तोवर माझ्याच मशीनवर भिस्त.