लेकीबरोबर विमानतळावर विचित्र प्राणी काढत बसायचंय, सिंगापूरच्या चांगी विमानतळावर जागा सुचवा

रेघोट्या_आई:
पुढच्या महिन्यात मी आणि लेक (वय ७) मुंबईहून मेलबर्नला चाललोय, मधे सिंगापूरला सहा तासांचा हॉल्ट. मागच्या वेळी एका विमानतळावर फ्लाइट पाच तास लेट, बसायला धड जागा नाही, सतत अनाउन्समेंट, पोरगी रडकुंडीला आलेली, मग पर्समधल्या बिलाच्या पाठीवर मी बदक काढलं तर तिने त्याला पायांऐवजी ट्रॉलीची चाकं लावली, त्यातलं एक वाकडं, कारण आमच्या ट्रॉलीचं तसंच होतं! बोर्डिंगपर्यंत आम्ही थांबलोच नाही. आता तिला त्या चाकबदकाचं अख्खं खानदान काढायचंय. निवांत जागा कुठे मिळेल? आणि असे प्राणी अजून छान कसे जमतील?

उडता_कासव:
टर्मिनल ३ चं फुलपाखरांचं गार्डन, ट्रान्झिटमध्येच आहे. फुलपाखरं कापलेल्या अननसावर येऊन बसतात, अगदी जवळून सोंड दिसते, ती नक्की काढायला लावा. तो मोठा ४० मीटरचा धबधबा मात्र ज्वेल नावाच्या मॉलमध्ये, म्हणजे इमिग्रेशनच्या बाहेर, आपल्या पासपोर्टला एरवी व्हिसा लागतो. पण टी२-टी३ मधली स्कायट्रेन ज्वेलमधूनच जाते, खिडकीपाशी उभं राहा.

बॉलपेनवाला:
ताई, आधी प्राणी ठरवू नका. डोळे मिटून एक बंद आकार काढा, मग तो फिरवून बघा की नाक कुठे दिसतंय. बाकी कितीही अचाट करा पण पाय खऱ्या प्राण्याचे बघून काढा, गुडघा कुठे वाकतो ते नीट आलं की अचाट प्राणीसुद्धा खरा वाटतो. समोर काचेतून विमानाची शेपटी, वाऱ्याची दिशा दाखवणारी ती पट्ट्यापट्ट्यांची पिशवी, सगळं उचला, सोंड म्हणून ती पिशवी मस्त शोभते. साधं बॉलपेन न्या. फाउंटन पेन नको, विमान वर गेलं की केबिनचं प्रेशर कमी होतं, पेनमधली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते.

सॅक्रामेंटो_मावशी:
आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोच्या विमानतळावर २०११ पासून ५६ फुटी लालभडक ससा छतातून उडी मारतोय, खाली भल्यामोठ्या सुटकेसमध्ये! शिल्पकार लॉरेन्स अर्जेंट यांचं काम. दमलेली माणसं मान वर करतात आणि चेहरा बदलतो, मी दर वेळी बघते. मला विमानतळ आवडतो तो यासाठीच, दुकानं काय सगळीकडे सारखीच. आणि दिवसाउजेडाचं फ्लाइट असेल तर मुंबईच्या टी२ ला लवकर जा, छताची नक्षी मोरपिसावरून घेतलीय, शंभर डोळ्यांचा प्राणी तिथेच सुरू करता येईल.

रेघोट्या_आई:
मावशी, सशाचा फोटो लेकीला दाखवला. ती म्हणते चाकबदकाची आजी ससा आहे, आणि ती सुटकेसमध्ये राहते. वही आजच आणली, जाड कागदाची.